चार टाचा, तीन पंजे

अल बर्शा. रात्रीचा दीड.
भिंतीपलीकडे उणे दोन, दाराबाहेर चाळीस,
मधल्या खोलीत मी,
अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डोक्याला लोकरी टोपी.

फळी मोडली की भंगारात.
बाइंडिंग ठेवायचं.
“स्प्रिंग ताठ आहे अजून,” रोडेल म्हणतो,
डबा सरकवतो:
चार टाचा, तीन पंजे.
चौथा पंजा कुठे गेला कोण जाणे.

दुसऱ्या फळीवर आधीच कुणाची तरी भोकं.
त्यांच्यापासून बोटभर सरकून नवं पाडायचं,
नाहीतर दोन्ही एकमेकांत ढासळतात.
जुन्यात खुंटी, थेंबभर गोंद,
वरून पात्यानं सपाट.

निपाणीत अण्णा असाच
झिजल्या चपलेचा अंगठा
नव्या तळाला लावायचे.
ओठांत चार चुका धरलेल्या,
म्हणून बोलायचे नाहीत.
निदान आम्ही तसं समजायचो.

माझा व्हिसा आता तिसऱ्या कंपनीवर.
आधीच्या दोन भोकांचं
कुणी विचारलं नाही.

स्क्रू मोजून. जरा लांब निघाला
की खालून, बर्फाच्या बाजूनं, फुगवटा येतो.
आकडा लावतो: अडीच. पोरीचं वजन
कागदावर लिहिलंय, नाव नाही.
नुसतं घट्ट धरून भागत नाही,
वेळेत सुटलं नाही तर नडगी जाते.

सकाळी ती पडेल.
टक् वाजेल, ब्रेकचे काटे रुततील,
फळी तिच्या शेजारीच थांबेल.

तो टक्
मी टेबलावरच ऐकलाय, हातानं ओढून.
पोरी पडतात तेव्हा मी अल क्वोझला,
वरच्या बंकवर,
तोंडावर टॉवेल.