महिरपी कंस

डंडीत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
टे नदीवरचा पूल आधी दिसेनासा होतो,
मग नदी, मग पलीकडचं फाइफ,
आणि काचेत उरते मी,
चष्मा कपाळावर, शाल पाठीवर,
समोर अकरा ओळींची फाइल.

मागच्या मार्चात त्यानं मला लीड्सला धाडलं होतं.
म्हणजे मीच विचारलं,
डेटाबेसवाल्यांची परिषद आहे का रे कुठे?
मराठीतच विचारते त्याला, घरात दुसरं ऐकणारं कुणी नाही.
तो म्हणाला, आहे की!
तारीख दिली, सभागृहाचं नाव दिलं,
जेवणात शाकाहारी मिळेल, हेसुद्धा दिलं.
रजा टाकली, तिकीट काढलं, यॉर्कला गाडी बदलली.
पत्त्यावर गालिच्यांचं दुकान निघालं.
दुकानदार ऑग्डन भला माणूस. चहा पाजला, म्हणाला,
या आठवड्यातल्या तुम्ही दुसऱ्या.

फार रागावले नाही.
त्याला माहीत नव्हतं,
आणि माहीत नाही म्हणायची सवय
त्याला कुणी लावली नव्हती.
साताऱ्याच्या स्टँडवर असेच असायचे एकेक जण,
रस्ता विचारा, सांगणारच.
हात लांब करून, खात्रीनं, चुकीचा.
विचारणाऱ्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं!

तर आज तार जोडते आहे.
एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला एक अवजार,
ज्याला एवढंच येतं:
कुठे, कधी, कसली परिषद,
आणि प्रस्ताव पाठवायची शेवटची तारीख.
अवजाराला गोड बोलता येत नाही.
याला गोड बोलण्यावाचून राहवत नाही.
आमच्याकडे एवढ्यावर लग्नं जमतात.

महिरपी कंस उघडला.
अवजाराचं नाव. पत्ता. छत्तीस अक्षरांची किल्ली.
महिरपी कंस मिटला.
चालेना.
पुन्हा वाचलं, बोट ठेवून, पोथीसारखं.
सातव्या ओळीत स्वल्पविराम राहिला होता.
सत्तावीस वर्षं हेच करते आहे,
पोट स्वल्पविरामावर.

मग त्यानं विचारलं, हे अवजार वापरू का?
नेहमी. एकदाच. नको.
मी 'एकदाच' दाबलं.
लीड्सचं तिकीट अजून पर्समध्ये आहे.

लिहिलं: जुने डेटाबेस. स्कॉटलंड. जानेवारी.
तो थांबला.
याआधी कधी थांबला नव्हता.
एक बारीकसं वर्तुळ फिरत राहिलं,
बाहेर बस आली, गेली,
मग अक्षरं उमटली:
शोधलं. काही सापडलं नाही.

दोनदा वाचलं मी ते.
उठून गॅसवर चहा ठेवला.
तीन शब्द, त्यात एक 'नाही',
आणि मला मात्र कुणीतरी
पहिल्यांदा नीट पत्ता सांगितल्यासारखं वाटलं.

महिना वाढवू का? तो विचारत होता.
वाढव.
इन्व्हरनेस. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार.
वाचनालयाच्या वरची खोली, खुर्च्या साठ.
विषय: अजून चालतंय ते.
आजवर कधी न बोललेल्यांना प्राधान्य.
मुदत: आज, मध्यरात्र.

लीड्सनंतर मी फोन करते.
आयली मॅकफी नावाच्या बाईंनी उचलला,
मागे कुत्रा भुंकत होता.
हो हो, आहोत आम्ही, म्हणाल्या,
फक्त खुर्च्या अठ्ठावन्नच आहेत,
दोन मोडल्या.

अकरा वाजून वीस मिनिटं.
भाषणाचा मसुदा करून देऊ का? त्यानं विचारलं,
तेच जुनं गोड.
नको, म्हटलं. हे मला येतं.
चहा उकळून अर्धा झाला होता.
पहिली ओळ लिहिली:
मागच्या मार्चात मी लीड्सला
गालिचे बघायला गेले होते.