अकरा सेकंद

ट्रे आत जातो. हिरवा दिवा लुकलुकतो. मोटर घरघरते.
आणि माझा ड्रायव्हर
(लिहिला दुसऱ्याच कुणी, चार वर्षं सांभाळतोय मी)
थंडपणे कळवतो: तबकडी नाही.

आहे रे बाबा. आत्ता ह्या हातांनी ठेवली.
तिच्यावर मार्करचं पुसट अक्षर आहे:
'के-पूर्व, व्हॉल्व्ह, २००३. जपून.'

अशा नऊ. फरसाणच्या डब्यातून आल्या,
प्रत्येकीच्या मध्ये वर्तमानपत्राचा चौकोन.
मोरेश्वर आंबेरकर, जलविभागातून निवृत्त,
मुलुंडला माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, रात्री साडेदहाला,
कारण त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या नव्या मशीनला
तबकडी गिळायला तोंडच ठेवलेलं नाही.
ड्राइव्ह लॅमिंग्टन रोडच्या छेडांनी पोटमाळ्यावरून काढला,
फुंकर मारली, म्हणाले, चालतो. गॅरंटीचं विचारू नका.

लॉगमध्ये एवढाच संवाद:
तयार? नाही.
तयार? नाही.
तयार? नाही. कारण: आत काही नाही.
इथे ड्रायव्हर वही मिटून उठतो.

केबल बदलली. पोर्ट बदललं.
भिंगावरून कापूस फिरवला, अत्तराच्या फायासारखा.
मग प्रत्येक ओळीपुढे 'इथवर आलो' असं छापायला लावलं,
आणि सगळं सुरळीत चाललं.
छापणं काढलं, पुन्हा नकार.
'दुधासारखं आहे हो,' आंबेरकर म्हणाले,
'समोर उभं राहिलं की उतू जात नाही.'

एक वाजून गेला. त्यांनी विचारलं, पंखा बंद करू?
माझा मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक ड्राइव्हच्या पाठीवर, मूठ कानाच्या पाळीमागे,
डोळे मिटलेले.
'एकतीस वर्षं हेच केलं, अंधेरीत. रस्त्यावर कांब टेकवून.
गळती रात्रीच ऐकू येते. दिवसा वरचंच ऐकू येतं सगळं.'
मी श्वाससुद्धा बेतानं घेतला.
'हा नाही म्हणत नाहीये.
चाचपतोय.
अजून.
अजून चाचपतोय.
हां, लागलं.'

घड्याळात अकरा सेकंद झाले होते.
माझा ड्रायव्हर सहाव्यालाच निघून गेलेला.
आणि माझं ते छापणं, ज्याला मी तपास समजत होतो,
तो नुसता उशीर होता. त्या उशिरात हा बिचारा उठून बसत होता.

नियमाच्या पुस्तकात दोन वेगळे आकडे आहेत:
'रिकामा आहे' याचा एक, 'जरा थांबा, उठतोय' याचा दुसरा.
ह्याला कारखान्यात एकच शिकवला.
तेव्हा अपवादांच्या यादीत त्याचं नाव घातलं, पुढे आकडा,
दीड ओळ. साडेतीन तासांची.

नकाशा उघडला तसे आंबेरकर
बोट काचेला न लावता, हवेतूनच, नळावरून चालत गेले.
'ही चावी. इथे आता पेट्रोल पंप आहे.
खाली असेल ती अजून.
मी बंद करून आलो होतो.' थोडं थांबून, 'बहुतेक.'

आठ उघडल्या. सातवी नाही.
तिच्यासाठी त्यांनी तीनदा मूठ कानाला लावली,
मग स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे दिला, मूठ माझ्या बाजूला करून,
आणि तिलाही पुन्हा कागदातच गुंडाळलं.

एक गोष्ट मी त्यांना बोललो नाही.
खरोखर रिकाम्या ट्रेलाही आता अकरा सेकंद लागतील.
हाच ड्राइव्ह असलेला कुणीतरी, कुठेतरी,
काही न ठेवताच ट्रे लोटेल,
साधं 'नाही' ऐकायला ताटकळत बसेल
आणि मला शिव्या घालेल.
घालू दे.
मी पंखा लावला. आंबेरकर डब्याचं झाकण शोधत होते.