वेटिंग

"पाचच मिनिटं की, बसवंत," म्हणून
द्रौपदाबाई चिकोडीच्या रजिस्ट्रार कचेरीत शिरल्या.

पहिली दहा मिनिटं माणुसकीची,
पुढं तासाला शंभर;
डॅशबोर्डवर चिकटवलंय,
मराठीत, खाली कन्नडात.

दीड तास. दोन चहा. काच पुसून झाली.
मग शिपाई आला,
"बर्री, कन्नड वाचता येतंय न्हवं?"

आत भाऊ घड्याळ बघत उभे,
बाईंचा शाईचा अंगठा हवेत.
हक्कसोडपत्र ओळ न् ओळ
मराठी करून सांगत गेलो.
विहिरीपाशी आलो तेव्हा म्हणाल्या,
"परत वाच."
मग पदरानं शाई पुसली.

निपाणीत उतरताना, "वेटिंग किती?"
एकशे तीस म्हटलं.
वाचलेला वेळ धरला नाही.

"तोच धर की आधी," म्हणाल्या.