मोड

चार तारखेला मोबाईल टिंग करतो
आणि मी तो उशीखाली सरकवतो,
जसे बाबा काळाचौकीच्या खोलीत
पतपेढीचा माणूस जिन्यात वाजला की
दिवा घालवायचे.
आम्ही चौघं अंधारात, ताटावर हात तसाच,
भात गार होईपर्यंत
घरी नसायचो.

आता मी अडतीसचा.
दाढांवर बसवायच्या टोप्या घडवतो,
केसाइतकी फट राहू देत नाही.
पण बँकेचं पान उघडायचं म्हटलं
की अंगठा माझा राहत नाही.

वरच्या मजल्यावरच्या राऊळबाई
एकतीस वर्षं वडाळा डेपोत
कंडक्टरांनी आणलेली चिल्लर मोजायच्या.
बोटांना अजून नाण्यांचा वास येतो, असं त्याच म्हणतात.
मला लसणाचा येतो.
रविवारी कढीपत्ता मागायला खाली आल्या
आणि नेमकं टिंग झालं.
कोण गेलं रे?
कुणी नाही. पैसे गेले.
कुठे?
माहीत नाही.
किती?
माहीत नाही.
त्या कढीपत्ता न घेताच वर गेल्या
आणि वालाचा डबा घेऊन आल्या.

एक वाल म्हणजे दहा रुपये. तू वाच, मी मांडते.
आणि मोठ्यानं वाच, श्रीरंग. पुटपुटू नकोस.

जर्मन शिकवणारं: तीस वाल.
दोन वर्षांत एकच वाक्य आलं,
माझी बहीण सफरचंद खाते.
मला बहीण नाही.
झोप लागावी म्हणून नदीचा आवाज: पंधरा.
एका मॅचसाठी घेतलेलं क्रिकेट: पन्नास,
ती मॅच आपण हरलो होतो.
मग मी थांबलो.
वाच.
विवाहमंडळ, सुवर्ण सभासद: पासष्ट.
बाईंनी मान वर केली नाही.
पासष्ट वाल पाच-पाचच्या ओळींत लावले,
एक किडका निघाला तो बदलून दुसरा ठेवला.
आणि हे शेवटचं, तारे दाखवणारं: नऊ.

टेबलावर माझा महिना पडला होता,
एकशे एकोणसत्तर वाल.
इतकी वर्षं मला वाटत होतं डोंगर असेल.
एका माणसाची उसळ होती.

बंद करायला गेलो तर प्रत्येकजण विचारू लागला,
खरंच निघालात? काय चुकलं आमचं?
तीन महिने अर्ध्या किमतीत राहता का?
बाई म्हणाल्या, वसुलीवाले बरे रे,
ते निदान रडत नाहीत.
नदी बंद करताना माझा हात अडला.
त्या म्हणाल्या, तुझ्या नळाला वॉशर नाही,
रात्रभर मला वर ऐकू येतं.

तारे मात्र ठेवले.
पंतनगरच्या आकाशात दिवे आणि धूळ,
पण मोबाईल वर धरला की
टाकीच्या बाजूला व्याध उगवतो.
हे कशाला, असं त्यांनी विचारलं नाही.
नऊ वाल माझ्या खिशात घातले,
राहायचं असेल तर वजन माहीत हवं.

उरलेले एकशे साठ सोमवारी भिजले,
मंगळवारी फडक्यात बांधले,
बुधवारी उघडले तर
प्रत्येकाला पांढरा वाकडा मोड.
डेपोत कुणी मोड मागितली की
आम्ही मान हलवायचो, बाई सांगत होत्या,
असली तरी नाही म्हणायचो.
साली चिमटीत धरल्या की
डाळिंब्या सुळकन निसटत होत्या.

पुन्हा चार तारीख आली.
जेवताना टिंग झालं.
हात उशीकडे गेलाच,
पोटात जिना वाजलाच.
मग खिशातले वाल चाचपले
आणि रिकाम्या खोलीत म्हणालो,
एकोणनव्वद रुपये.
आवाज जरा चिरकला.

दिवा चालू होता.
भात गरम होता.