झोल

उंची मोजतात ती पट्टीच्या मधोमध,
जिथं ती स्वतःच्याच वजनानं जराशी खाली आलेली असते.
टोकांना नाही.
पहिल्या दिवशी मोजणाऱ्या बाईंनी हे दाखवलं
तेव्हा मी शफीकुलला म्हटलं, बघ, इथं झोलसुद्धा मोजून घेतात.
त्याला शब्द कळला नाही. हसला मात्र.

आमचं काम साधं.
पट्टी पडली की बेचक्याची काठी उचलायची,
एक टोक त्याचं, एक माझं,
आणि होती तशी परत खुंट्यांवर.
गुहागरला आंब्याला झेला लावताना मान अशीच भरून यायची.
तिथं खाली आणायचं असायचं, एवढंच.

या बायकांच्या काठ्याही मीच आणल्या विमानतळावरून,
पाच-पाच मीटरच्या नळ्या, ट्रकच्या टपावर, शेवटाला लाल फडकं.
सिग्नलला एका पठाणानं काच खाली करून विचारलं,
एसीचे पाइप?
हो म्हटलं. कोण समजावत बसणार.
शाळेत आम्ही याला बांबूउडी म्हणायचो.
बांबू आता कुठला त्यात.

बाहेर दोह्यात रात्री अकरालाही अडतीस.
आत खुर्च्यांखालून गार वारा,
आणि निम्म्याहून जास्त खुर्च्या
तो वारा एकट्याच खात बसलेल्या.

इल्झे, लात्वियाची.
नळीवर लिहिलं होतं म्हणून नाव माहीत.
तळव्यांना पावडर, मग ओठ हलतात, मग धाव.
चार सत्तरला तिनं दोनदा पाडली.
दोनदा आम्ही ठेवली.
तिसऱ्यांदा काठी खोबणीत बसली, वाकली,
अख्खी बाई उलटी होऊन वर गेली,
पाय गेले, कंबर गेली,
आणि उतरता उतरता
छातीचा निसटता स्पर्श.

पट्टी थरथरली.
ती गादीवर उताणी, वर बघत.
मी खाली काठी धरून, वर बघत.
हात लावायला सक्त मनाई.
माझी काठी पोचत होती तिथवर.
शफीकुल बंगालीत काहीतरी पुटपुटला,
दुआ असेल, नाहीतर शिवी.

पडली.
माझ्याकडचं टोक आधी.

नीट ठेवली होती ना मी?
रोजच्यासारखीच ठेवली होती.
खुंटीवर केसभर कमी तर नव्हती?

ती उठली, मांडीवरची पट्टी उचलली,
माझ्या हातात दिली आणि म्हणाली, सॉरी.
मला.
मी मान हलवली.
ते म्हणायचं कुणी कुणाला, हे मी अजून ठरवतोय.

पुढे एक वाजेपर्यंत चाललं.
जी जिंकली तीही शेवटी तीनदा पाडूनच थांबली,
तिचं पाडणं कुणी पाहिलं नाही, सगळे झेंडा शोधत होते.
बसमध्ये चढताना चष्म्यावर वाफ धरली.
घरी तेव्हा साडेचार झाले असणार, तरी लेकीचा मेसेज:
कोण आलं पहिलं?
नाव आठवेना. लिहिलं, उंच होती. लाल रिबन.

खोलीत कपड्यांची दोरी
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
शफीकुलनं ओला टॉवेल टाकला
तो घरंगळत बरोब्बर मधोमध आला.
मी उठलो, दोरी ताणायला गाठ सोडली,
पुन्हा तशीच बांधली.