ऐंशी अंश

नारीनमध्ये जानेवारीत सकाळ होत नाही,
काळोख थोडा पातळ होतो, एवढंच.
मी बॉनेटवरचा जुना नमदा काढते.
फळीसारखा ताठ झालेला, तसाच भिंतीला उभा करते
आणि चावी फिरवते.

र्‍हँव र्‍हँव र्‍हँव.
स्टार्टर फिरतोय, म्हणजे बॅटरीत जीव आहे.
र्‍हँव र्‍हँव.
पेट्रोलचा वास नाही.
पाचव्या खेपेला एक उचकी,
सातव्याला दोन,
अकराव्याला गाडी धरते, थरथरते,
रुसलेलं माणूस शेवटी पानावर येऊन बसावं तशी.
दुपारी मात्र एका चावीत. हाक मारायचा अवकाश.

एकोणतीस वर्षांची ऑडी. आधीचे दोन मालक,
दोघेही वारले.

शेजारच्या झानिबेकने बॅटरी बदलायला लावली.
बदलली.
त्याच्या मेव्हण्याने प्लग.
बदलले.
पंपावरचा पोरगा म्हणाला, ताई, पेट्रोलात पाणी आहे,
जणू ते पेट्रोल विकणारा दुसराच कुणी.
तोवर तीन बाळं माझी वाट न बघता जन्मली,
त्यातलं एक ट्रॅक्टरच्या दिव्यात.

मग सोरोनबाय आला.
चाळीस वर्षं सरकारी मोटार डेपोत;
डेपो गेला, हात राहिले.
म्हणाला, रात्रभर तिला शिवू नकोस.
दुपारची गाडी काय सांगणार?
कळा येतात तेव्हाच बघायचं असतं,
सुईणीला हे मी सांगू?

पहाटे सहा. उणे सव्वीस.
टॉर्च दातांत, एका हाताचा मोजा खिशात.
प्लग काढला, बोटावर घासला: कोरडा.
पंपाला कान लावला: गुणगुणतोय.
मग इंजिनाच्या मागच्या अंगाला,
जिथे माझा हात कधी गेला नव्हता,
अंगठ्याएवढा एक निळा सेन्सर.
त्याला मल्टिमीटरच्या दोन सुया टेकवल्या,
आकडा पाहिला आणि हसला,
पुढचे दोन दात नसलेलं हसू, त्यातून वाफ.

"तीनशे ओहम! या गारठ्यात पंधरा हजारांच्या वर पाहिजेत.
हा सांगतोय, इंजिन ऐंशी अंशांवर आहे.
वरचा कॉम्प्युटर बिचारा, त्याला काय दिसतंय?
तो आपला उन्हाळ्याचं माप मोजतोय."

त्याने सेन्सरची वायर उपटली.
"आता मार चावी."
दुसऱ्याच फेरीला भक्कन काळा धूर, आणि धडधड.
कुत्री भुंकायला लागली.
मी स्टीअरिंग धरून बसले होते, उगाचच.

नवा सेन्सर बिश्केकहून आला,
व्हॅनवाल्याच्या कोटाच्या खिशातून, सातशे सोम.
सोरोनबायने मजुरी घेतली नाही,
मुरंबा घेतला, दोन बरण्या,
आणि तिसरीकडे बघत राहिला. दिली.

जुना सेन्सर खिडकीत आहे, मिठाच्या डब्याजवळ.

रविवारी एल्दोसचा फोन येतो, सुर्गुतहून.
आई, सगळं बरं?
सगळं बरं.
थंडी?
फार नाही रे.
गाडी?
एका चावीत.
तीन हिवाळे मी हेच सांगत आलेय.
त्या हिशोबाने तो पैसे पाठवतो,
त्या हिशोबाने येत नाही.

या रविवारी म्हणाले, उणे सव्वीस आहे.
म्हणाले, मोरीतला नळ फुटला, आठवडाभर बर्फ वितळवतेय,
आणि उजव्या गुडघ्याने जिना चढवत नाही.
तिकडे बराच वेळ काहीच नाही,
फोन लागलाय की तुटलाय कळेना.
मग एक उचकी.
"आई," तो म्हणाला, "काम नोव्हेंबरातच सुटलं माझं."

मग हे पैसे?
"उसने."

थांब, म्हणाले, ठेवू नकोस.
दारात गाडी तापत ठेवली होती,
जाऊन बंद करून आले.