झुलत्या पुलावर, चौदा टेक

त्या साली शूटिंगवाल्यांनी गोकाक फॉलचा रस्ता अडवला
आणि माझी बस पाऊण तास मिलच्या गेटापाशी उभी.
पॅसेंजर उतरले, शेंगा घेतल्या, कठड्याला चिकटले.
मीही चिकटलो. कंडक्टरला कोण विचारतंय.

पुलाच्या मधोमध ती, पिवळ्या साडीत.
पदराला दोरा बांधून दोन पोरं फळ्यांवर पालथी पडून
तो ओढत होती. वारा होताच की तिथं,
पण डायरेक्टरला पाहिजे तसा नव्हता.
अलीकडं, आमच्यापासून तीन हातांवर, तो.
शर्टाची बटणं उघडी, हात पसरलेले,
गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचा: निल्लु!
कन्नडात थांब म्हणजे निल्लु.
मला दर वेळी ऐकू यायचं निलू,
आणि मीच दचकायचो,
कारण सहा महिन्यांपूर्वी घरात आली होती
सुळेभावीची नीलव्वा,
जिला मी अजून नावानं हाक मारली नव्हती.
'अगं'वर भागत होतं.

चौदा टेक झाले.
एकदा माकडानं पावडरीचा डबा पळवला.
एकदा मिलचा भोंगा झाला आणि पाळी सुटलेली माणसं
सायकली हातात धरून थेट कॅमेऱ्यासमोर.
एकदा सगळं जुळलं, तो ओरडला, ती वळली,
आणि तिला शिंक आली.

चहा देणाऱ्या पोरानं मला गुपित सांगितलं:
बाई लांबच्या, भाषा येत नाही,
ओठ हलायला पाहिजेत म्हणून आकडे म्हणतात.
आवाज बेंगळूरला दुसरीच कोण तरी भरणार.
म्हणजे गालावरून पाणी ओघळताना, तेही बाटलीतलं,
ती म्हणत होती सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस.
खाली घटप्रभा तांबडीलाल, तिच्यापुढं कुणाचं काय ऐकू येतंय.
आणि मी, हे सगळं कळूनसवरून,
तिकिटाच्या पेटीवर हात ठेवून रडलो.
खोटं कशाला सांगू.

पिक्चर गोकाकात लागला तेव्हा तिला घेऊन गेलो.
पडद्यावर धबधबा मुका. नुसती व्हायोलिनं.
बाई गोड कन्नडात असं काही बोलली
की बायकांच्या रांगेत पदर वर गेले.
मी अंधारात पुटपुटलो, सत्तावीस.
नीलव्वानं कोपर मारलं.
तेव्हा मला कन्नड तिकिटापुरतं,
तिला मराठी भांडणापुरतं.

परवा, रिटायर झाल्यावरच्या पहिल्या रविवारी,
दोघं पुलावर गेलो. पाणी तसंच. कणीसवाला नवा.
मधोमध पोचल्यावर ती थांबली, तार धरून,
म्हणाली, म्हणा की काय तरी, त्या पिक्चरातल्यावानी.
पस्तीस वर्षं एक वाक्य माझ्याकडं पडून आहे.
ओठाशी आलं आणि परत गेलं.
म्हटलं, नाही तरी ऐकू कुठं येणार.
हात पसरले, शिरा ताणल्या,
चेहरा पुरता डायलॉगचा केला
आणि रोज येतं तेच आलं:
सांबरा! अंकलगी! पाच्छापूर! गोकाक फॉल!

ती माझ्या ओठांकडं बघत राहिली.
डोळे भरले, तुषारांनी म्हणा, कशानं म्हणा.
मग कानाला तोंड लावून ओरडली,
"सुळेभावी विसरलासा की! माझं म्हायार!"
आणि चपला हातात घेऊन, पंचावन्न वर्षांची बाई,
पलीकडच्या टोकाकडं पळत सुटली.

फळ्या हलल्या. पायाखालचं सगळंच हललं.
मी ओरडलो. निल्लु की निलू,
नक्की काय ते मला विचारू नका.

ती थांबली. वळली नाही.
पदर मात्र उडत होता, दोऱ्याशिवाय.